बाहेरची खोली आणि दोन साक्षीदार

मी, खाली सही करणारा, वय सत्तरीच्या बरेच पुढे, धंदा पूर्वी चिनी मातीच्या कारखान्यात कपांना कान लावणे, आता काही नाही, राहणार कारखान्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भूलथापांनी नव्हे, तर स्वखुशीने लिहीत आहे. स्वखुशी हा शब्द वकीलसाहेबांनी घालायला सांगितला. खुशी फारशी नाही, पण धाक कोणाचा नाही हे खरे.

शुद्धीबद्दल एक खुलासा. गॅस बंद केला की नाही हे मी पुन्हा पुन्हा उठून पाहतो आणि कुलूप ओढून ओढून पाहतो. हे म्हातारपणाचे नाही, मी तरुणपणीही असाच होतो. बायको म्हणायची, "कुलपालाच विचारा, बाबा लागलास का म्हणून." मुलाने हे ध्यानात ठेवावे आणि वडिलांचे डोके ठिकाणावर नव्हते असे पुढे कुठे सांगू नये.

लिहिण्याचे कारण असे. येत्या सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. खोकून खोकून आतडे खाली उतरले आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही. नाव नोंदवायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारले, "आजोबा, बरोबर कोण राहणार?" मी म्हणालो, "बघतो." त्या म्हणाल्या, "बघतो असं नाव नसतं. नाव सांगा." मागे रांग होती. मी मुलाचे नाव सांगून मोकळा झालो. मुलगा फार लांब असतो. त्याला मी अजून कळवलेले नाही.

वकीलसाहेब वयाने लहान आहेत, पण त्यांचे वडील आमच्या कामगार संघटनेचे खटले चालवीत, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी समजावले की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, दोघांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहिले पाहिजे, आणि ज्याला मी काही देतो आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे देणे बुडते.

"आणि साक्षीदार मिळालेच नाहीत तर?" मी विचारले.

"तर हा नुसता कागद. सगळं मुलाकडे जाईल."

सगळे मुलाकडे गेले तर बाहेरची खोली तो विकणार, हे त्याने मला तोंडावर सांगितलेले आहे. ती खोली विकली जाऊ नये एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. माझे सगळे त्या दोन सह्यांवर अडले आहे. मी बसून विचार केला. ज्याच्यावर माझा भरवसा, त्याला मी काही ना काही देतोच आहे. ज्याला काही देत नाही, तो माझ्या दारात कशाला येईल? एवढी वर्षे एका गावात काढली आणि दोन माणसे सापडेनात, हे लिहायला बरे वाटत नाही. पण खोटे लिहिण्याची ही जागा नव्हे.

कलम एक. आतली खोली व स्वयंपाकघर मुलाला. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. खिडकीचा वरचा बोल्ट लागत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून दवाखाना व माझा शेवटचा खर्च भागवावा आणि उरेल ते सूनबाईला द्यावे. मुलाला नाही. मुलगाही फोन करतो, पण "जेवलात का" असे विचारून उत्तर येईपर्यंत थांबते ती सूनबाई. मुलाने राग मानू नये. तो कंपनीत माणसे नेमणाऱ्या खात्यात मोठा आहे, त्याला कमी नाही. तो म्हणतो, "बाबा, आता कोण युनियन करतं? माझ्याकडे कोणाची काही तक्रार असली तर सरळ येऊन बोलतात. माझं दार कायम उघडं असतं."

मी विचारले, "एकटे येतात?"

"मग काय वरात घेऊन येतील?"

पोरगा वाईट नाही. उघड्या दाराच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला दार किती जड असते ते कळत नाही, एवढेच.

कलम तीन. घरातले कप-बशा. हे सगळे कारखान्यातून बाद झालेले आहेत. एकाचा कान तिरपा, एकाचा काठ वाकडा. बायकोने सरळ कप कधी आणू दिला नाही; म्हणायची, बाद माल आपल्याशिवाय कोण नांदवणार. ज्याला हवे त्याने न्यावेत. चहा त्यातही गरमच राहतो.

कलम चार. माझी हत्यारे, म्हणजे एक ब्रश, एक बोथट सुरी, स्पंजाचा तुकडा आणि दोन टोकांना लाकडी मुठी असलेली तार. आमचे काम असे असे. कप वेगळा बनतो, कान वेगळा बनतो. कानाच्या दोन्ही टोकांना पातळ माती लावायची, कपाला टेकवायचा, दाबायचा आणि वाहून आलेली माती स्पंजाने पुसायची. दोघे सारखेच ओलसर हवेत. एक सुकलेला आणि एक ओला असला की वरून जोड छान दिसतो आणि भट्टीत फट पडते. आता यंत्र कप कानासकटच ओतते. हत्यारे भंगारात द्यावीत. तार सूनबाईने साबणाच्या वड्या पाडायला ठेवावी, चांगली आहे.

कलम पाच. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जो पलीकडच्या गल्लीत राहतो, त्याला मी काहीही देत नाही. याचे कारण लिहून ठेवतो, म्हणजे विसरलो असे कोणी म्हणू नये.

कारखान्यात दिवस संपला की कोरडा झाडू मारीत. ती धूळ पिठासारखी असते. उडते, दिव्याखाली तरंगताना छान दिसते आणि छातीत जाऊन बसते. बसली की उठत नाही. माती कालवणाऱ्या खात्यातली माणसे आधी खोकू लागली, मग जिन्यावर थांबू लागली, मग यायची थांबली. आम्हाला एवढेच हवे होते की आधी फरशीवर पाणी मारावे आणि मग झाडावे. ओला झाडू. आणखी काही नाही. एकेकाने जाऊन सांगितले तेव्हा साहेब म्हणाले, "जमत नसेल तर घरी बस." मग संघटनेने ठरवले आणि आम्ही सगळेच घरी बसलो. भट्टी थंड पडत चालली. मोठी भट्टी एकदा थंड पडली की पुन्हा तापवायला फार दिवस जातात, हे साहेबांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होते.

त्या वेळी मेहुणा आणि त्याच्याबरोबरचे काही जण मागच्या दाराने आत गेले आणि भट्टी पेटती ठेवली. त्याच्या घरी तान्हे मूल होते. आमच्याही घरी होते. दोन दिवसांत मिटले असते ते कितीतरी आठवडे चालले. बायकोने भावाला तोडले नाही. तो यायचा तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बसायचो आणि ती दोघे आत बोलायची. ती गेल्यापासून तोही येत नाही.

शेवटी ओला झाडू मिळाला. तो मेहुण्याच्याही छातीसाठी मारला गेला आणि त्याची छाती आज माझ्यापेक्षा बरी आहे. संघटनेत हीच वाईट गोष्ट आहे आणि हीच चांगली आहे. कुंपण ओलांडून गेलेल्याच्या वाट्याला वेगळी हवा येत नाही.

कलम सहा. बाहेरची खोली. हे कलम सगळ्यात महत्त्वाचे आहे, वकीलसाहेबांनी अक्षर नीट लावून घ्यावे.

संघटनेची भाड्याची जागा गेली तेव्हा तिचे कपाट, सतरंजी आणि पाटी मी माझ्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवली. मी पुढारी नव्हतो. मला भाषण येत नाही. संघटनेने मला एकच काम दिले होते, त्याला आम्ही 'सोबत' म्हणत असू. साहेबांनी कोणालाही खोलीत बोलावले तर त्याने एकट्याने जायचे नाही असा नियम होता. बरोबर मी जायचो. आत जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसायचो.

पहिल्यांदा साहेबांनी विचारले, "तुम्हाला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही."

"मग कशाला आलात?"

"बसायला."

"काही बोलायचंय?"

"नाही."

साहेबांनी घंटी वाजवली, पाणी मागवले आणि ज्या गोष्टीसाठी माणसाला बोलावले होते ती अर्ध्या आवाजात सांगितली. बाहेर आल्यावर सगळे विचारायचे, "कानवाल्या, आत काय बोललास?" मी सांगायचो, काही नाही, घाम पुसत होतो. खरोखरच पुसत होतो. पण मी निवृत्त होईपर्यंत त्या खोलीत कोणी एकटा गेला नाही.

त्यानंतर जुने सभासद निवृत्त झाले, मग एकेक करून गेले. आज संघटनेचा सभासद मी एकटा उरलो आहे. पाटीवरची धूळ मी ओल्या फडक्याने पुसतो. सभा घ्यावी तर अध्यक्ष मी, श्रोता मी आणि खोकणाराही मीच.

कारखाना अजून चालतो. पोरेपोरी आता कंत्राटदाराच्या नावावर लागतात. दुपारी उन्हात डबा खातात हे पाहून मी बाहेरची खोली उघडी ठेवू लागलो. माझ्याशी कोणी बोलावे म्हणूनही ठेवली, हे नाकारीत नाही. त्यात पारखणी खात्यातली एक मुलगी आहे. पारखणी म्हणजे कपावर काडीने टकटक करून आवाजावरून फट ओळखणे. पोरे तिला 'टकटक' म्हणतात. दुसरा एक जण कानात कायम गाण्याची बोंडे घालून असतो, तो 'हेडफोन'.

टकटकने एकदा विचारले, "काका, युनियनला वर्गणी भरून मिळतं काय?"

मी म्हणालो, पगारवाढ मिळते.

"ती मला एकटीला दिली की साहेबांनी, न मागता. फक्त कोणाला सांगू नकोस म्हणाले."

तिच्या शेजारची म्हणाली, "अगं, मलापण तसंच म्हणाले."

हेडफोनने एका कानातले बोंड काढले. "किती दिली तुम्हाला?"

मग सगळे एकमेकांना विचारू लागले. सगळ्यांना तेच सांगितले होते, आकडे मात्र वेगवेगळे. खोलीत अशी हसाहस झाली की माझे डोळे भरून आले, आणि मग कोणीच हसेना. मला भाषण द्यावे लागले नाही.

हेडफोन म्हणाला, "तरी काका, मी काय इथे वर्षभरही राहणार नाही. मला कशाला संघटना?"

"मीही एका वर्षासाठीच आलो होतो," मी सांगितले.

गेल्या महिन्यात टकटकने तक्रार केली की कंत्राटदाराची माणसे पुन्हा कोरडा झाडू मारतात. लगेच तिला खोलीत बोलावणे आले. मी कपडे बदलून तिच्याबरोबर निघालो. फाटकावरच्या पोराने विचारले, "आजोबा, पास?" मी म्हणालो, "मी सोबत आहे." तो म्हणाला, "कोणाच्या?" त्याने उद्धटपणा केला नाही, मला बसायला स्वतःचे स्टूल दिले. पण आत सोडले नाही.

ती बाहेर आली तेव्हा हात पदराला पुसत होती.

"काय झालं?"

"सही केली."

"कशावर?"

"वाचायला वेळ नव्हता. समोर तिघं होते. तिघंही माझ्याकडे बघत होते." थोडे चालल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही नुसते बसला असतात ना, तरी मी वाचलं असतं."

संघटना कशासाठी असते हे मला लोकांनी आयुष्यभर विचारले आणि मला कधी नीट सांगता आले नाही. ते तिने रस्त्यावर सांगितले. दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच ती म्हणाली, "तुमची संघटना कशी चालायची ते पहिल्यापासून सांगा." तेव्हापासून ती मला विचारते आहे आणि मी सांगतो आहे. म्हणून बाहेरची खोली, तिचे वेगळे दार, कपाट, सतरंजी व पाटी यांसह, मी टकटकला देतो. तिने तिथे कारखान्यातल्या माणसांना बसू द्यावे.

(कलम सहामधील शेवटची दोन वाक्ये मी स्वतः खोडली आहेत. ती वाचता येतील अशीच ठेवली आहेत. खोडण्याचे कारण पुढे आहे.)

साक्षीदारांचा शोध. औषधाच्या दुकानदाराने कागद वाचला, 'संघटना' शब्दापाशी थांबला आणि म्हणाला की त्याच्या चष्म्याचा नंबर बदलला आहे. न्हावी म्हणाला, कारखान्याचे सगळे साहेब त्याच्याकडे येतात. हेडफोन म्हणाला, "काका, रक्त मागा, देतो. सही नका मागू. कंत्राटदाराला कळलं तर उद्या फाटकावर माझं नाव नसेल." मी त्याला दोष देत नाही. भीती वाटणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा हक्क मला तरी नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की ज्याला मी काहीच देत नाही असा एक माणूस या कागदातच लिहिलेला आहे. शुक्रवारी मी पलीकडच्या गल्लीत गेलो. मेहुण्याने दार उघडले आणि आधी माझ्या मागे पाहिले.

"दाजी. कोण गेलं?"

"कोणी नाही. मृत्युपत्रावर साक्षीला सही हवी आहे. तुला त्यात काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग येतो," तो म्हणाला. "काही ठेवलं असतं तर नसतो आलो."

त्याने उभ्या उभ्याच कलम पाच वाचले. त्याचे म्हणणे असे की मागच्या बाजूला दार नव्हतेच, कुंपणाला भोक होते, आणि दार लिहिले तर त्याला कोणी आदराने आत घेतले असे वाटते. हे बरोबर आहे. दार या शब्दाच्या जागी भोक असे वाचावे. निघताना त्याने विचारले, "सोमवारी दवाखान्यात बरोबर कोण आहे?" मी सांगितले, मुलगा येतोय.

आज रविवारी वकीलसाहेब आले, मेहुणा आला, आणि दुसरा साक्षीदार नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, रस्त्यावरून कोणाला तरी बोलावू. तेवढ्यात टकटक माझ्या सोमवारच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला आली.

"मी करते सही," ती म्हणाली.

"तुझी चालत नाही. खोली तुला देतोय."

"मग नका देऊ."

"आणि देऊ कोणाला?"

"संघटनेला द्या. तिचीच आहे की."

मी म्हणालो, "अगं, संघटनेत आहे कोण? मी एकटा. आणि माझं उद्या काय होईल ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. मी गेलो की संघटना गेली, खोली पुन्हा मुलाकडे."

"मला घ्या. आत्ता."

मी तिला सांगितले की नीट विचार कर, सभासद झालीस आणि वर या कागदावर सही केलीस की लपवता येणार नाही. तुझी नोकरी कंत्राटावर आहे. तुझ्या पगारावर घर चालते. मी उद्या तुझ्याबरोबर कुठेही येऊ शकणार नाही, उद्याच काय, कदाचित कधीच नाही. तिने नाही म्हणावे असे मला वाटत होते आणि वाटतही नव्हते.

ती म्हणाली, "पारखणीतल्या चौघींना मी विचारलंय. दोघी हो म्हणाल्या. एक विचार करते म्हणाली. एक म्हणाली, वेड लागलंय का तुला. आता तुम्ही गेलात काय आणि राहिलात काय, मला आत कोणीतरी शेजारी लागणारच ना, काका? आणि त्यांना मी लागेन."

वकीलसाहेबांना विचारून घेतले. ते म्हणाले, देणे संघटनेला आहे, हिला नाही, सभासदाची साक्ष चालेल. कपाटातून पावतीपुस्तक काढले. कागद पिवळे पडले आहेत, पण चालतात.

कलम सहा, दुरुस्त. बाहेरची खोली, तिचे वेगळे दार, कपाट, सतरंजी व पाटी यांसह, मी आमच्या कामगार संघटनेला देतो. माझ्या मुलाने याला हरकत घेऊ नये. घ्यायची झाली तर या खोलीत येऊन, सतरंजीवर बसून, सगळ्यांसमोर घ्यावी.

हे मृत्युपत्र सहीपूर्वी वाचायला टकटकने मागितले. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, सही पाहिली की पुरते. ती म्हणाली, "एकदा न वाचता केली आहे. ही वाचून करते." तिने सगळे वाचले, खोडलेलेसुद्धा. वेळ लागला. मेहुण्याने उठून पंखा बारीक केला, कागद उडत होते म्हणून. तिला कोणी घाई केली नाही.

याआधी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे. याआधी मी काही लिहिलेले नाही.

सही: कानवाला
(कारखान्यातले व गल्लीतले हेच नाव. सरकारी नाव वकीलसाहेबांनी वेगळे जोडले आहे.)

साक्षीदार पहिला: मी यांचा मेहुणा. यांनी माझ्यासमोर सही केली. यात मला काहीही दिलेले नाही हे मी वाचले व ते बरोबर आहे.
(सही)

साक्षीदार दुसरी: पारखणी खाते. काकांनी माझ्यासमोर सही केली. मी संघटनेची सभासद आहे. वकीलसाहेब म्हणाले हे लिहिण्याची गरज नाही. मी लिहिते आहे.
(सही)

ठिकाण: माझ्या घराची बाहेरची खोली.
तारीख: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा रविवार, दुपार. सह्या झाल्यावर लगेच कोणी उठले नाही, याचीही नोंद असावी.